सोळा पानांचं गिऱ्हाईक

"याचे तुकडे करून द्या," तो म्हणाला आणि एक कोरं करकरीत, जाडजूड पुस्तक त्याने तिच्या टेबलावर ठेवलं.

बाइंडिंगच्या दुकानात माणसं फाटलेली पुस्तकं शिवून घ्यायला येतात. धडधाकट पुस्तक फाडून मागणारा तिने आजवर पाहिला नव्हता. खळीचा ब्रश तिच्या हातात तसाच राहिला.

"तुकडे?"

"सोळा-सोळा पानांचे. वर साधा कागद, शिवण मात्र पक्की. घडी घालून खिशात मावले पाहिजेत." तो हसला. हसणं चांगलं होतं. तिला नेमकं तेच खटकलं.

"कशासाठी?"

"वाचायला."

"अख्खं पुस्तक वाचता येत नाही?"

"मी काम करतो तिथे नाही चालत."

"आणि काम कुठे करता?"

"आहे… एक उंच इमारत," तो म्हणाला आणि छताकडे बघू लागला.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिचं दुकान चालायचं ते कॉलेजच्या उत्तरपत्रिका शिवण्यावर. गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या बाइंडरने असेच पातळ भाग करून दिले होते. ते परीक्षेला बसलेल्या मुलांच्या मोज्यांत सापडले. आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, असं तो शपथेवर सांगत राहिला, पण काम गेलं आणि तीन महिन्यांत त्याला गाशा गुंडाळावा लागला. तिच्या वडिलांचे हात थरथरायला लागल्यापासून ते घरी बसून होते, दुकान तिच्या एकटीच्या अंगावर होतं. कॉलेजचं काम गेलं तर दुकानही जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"पुस्तक माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "दर गुरुवारी एकच भाग मिळेल. आधीचा आणून दाखवायचा, मगच पुढचा."

"हे दुकान आहे की पोलीस चौकी?"

"पटत नसेल तर चार पावलांवर दुसरं दुकान आहे."

"पटलं, पटलं!" तो घाईघाईने म्हणाला. तिचा संशय आणखी वाढला. सरळ माणूस इतकी विचित्र अट इतक्या लवकर मान्य करतो का कुठे?

दर गुरुवारी सहाच्या सुमारास तो यायचा. कामाचा विषय निघाला की ताकास तूर लागू द्यायचा नाही. बाकी बोलायला मात्र पुढे.

"मालकीणबाई, तपासा. सोळाच्या सोळा पानं आहेत."

"मोजतेय."

"मलाही तपासणार का? हे बघा, मोजे पण दाखवतो."

मोजे! याला मोज्यांचं कसं ठाऊक? ती दचकून बघायची आणि तो आपला हसत उभा. मागे कागदाच्या घड्या घालणारी मावशी गालातल्या गालात हसायची. "दरडावतेस खरी त्याला," तो गेल्यावर ती म्हणायची, "पण गुरुवारी वेणी कशी गं इतकी नीट?"

पुस्तक विजेच्या यंत्रांचं होतं. कॉलेजच्या कामाचं आहे का, एवढंच बघायला तिने पहिला भाग उघडला. दहावीनंतर तिने हजारो पुस्तकं शिवली होती, कापली होती, चिकटवली होती. वाचलं एकही नव्हतं. पहिल्या वाचनात काही म्हणजे काही कळलं नाही. संशय फिटला पाहिजे म्हणून पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना, तारेतून वीज गेली की लोखंडाचं चुंबक कसं होतं, ते लख्ख कळलं आणि ती भर दुपारी एकटीच हसली. शिकायचं असेल तर कुणीतरी समोर उभं राहून शिकवावं लागतं, अशी तिची पक्की समजूत होती. इथे तर कुणीच नव्हतं!

मग ती प्रत्येक भाग त्याच्याआधी वाचायला लागली. पाळत ठेवतेय, दुसरं काय… असं ती स्वतःला सांगायची.

परत आलेल्या भागांत समासात त्याचे पेन्सिलीने लिहिलेले प्रश्न असायचे. पाचव्या भागात होता, 'चुंबक पकड सोडतं कधी?' तिला उत्तर येत होतं. हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. 'वीज बंद झाली की,' तिने लिहिलं, आणि मग घाबरून खोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचे हेडक्लार्क दुकानात आले.

"पुन्हा कॉप्या सापडल्यात, ताई. पातळ, शिवलेल्या. शिवणही चांगली पक्की. पुढच्या आठवड्यात सगळी दुकानं बघणार आहे मी. तुमच्याकडे तसलं काही सापडलं, तर उत्तरपत्रिका दुसरीकडे जातील. मग मला बोल लावू नका."

त्या गुरुवारी त्याने सहावा भाग परत केला आणि पाचवा पुन्हा एकदा बघायला म्हणून मागून घेतला. तिने त्याला सातवा द्यायचा होता. तिने मुद्दाम आठवा दिला. खरा वाचणारा असेल तर उद्याच धावत येईल. विकणारा असेल तर त्याला काय फरक पडतो?

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारी पावलं वाजली की ती दाराकडे बघायची. सोमवारी तिने एका वहीची शिवण उलटी घातली. मंगळवारी ती मावशीवर उगीच खेकसली आणि मग तिलाच रडू आलं. चोर वेळेवर सापडला, दुकान वाचलं, आनंद व्हायला हवा होता. पण तिला तो चोर नकोच होता. तिला तो हवा होता. हे स्वतःशी कबूल करताना तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

गुरुवारी सहाला तो आला. आठवा भाग टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखा उभा राहिला.

"समजलं सगळं?" तिने विचारलं.

"हो… समजलं."

"खोटं!" तिचा आवाज चढला. "मधला एक भाग तुम्हाला मिळालेलाच नाही. तुम्ही वाचतच नाही. कुणाला विकता हे?"

"विकतो? सातवा तुमच्याकडे आहे, ठाऊक आहे मला. तुमचा वाचून व्हायचा असेल, म्हणून बोललो नाही."

"माझा?"

"पाचव्यात माझ्या प्रश्नाखाली उत्तर होतं. खोडलेलं. पान तिरपं धरलं की दिसतं. लिफ्टमधला दिवा डोक्यावरच असतो ना…" तो थांबला. कान लाल झाले. "लिफ्टमन आहे मी. ड्यूटीवर पुस्तक दिसलं की साहेब ओरडतात. सोळा पानं कोटाच्या खिशात लपतात."

"मग सांगितलं का नाही?"

"दिवसभर माणसं मला फक्त मजल्याचा आकडा सांगतात. पुस्तक कशासाठी, काम कुठे करता, असं तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत. म्हटलं, सांगून टाकलं तर विचारणं थांबेल, राहू दे चार दिवस." त्याने टोपी हातात फिरवली. "वीज गेली की लिफ्ट अडकते. माणसं घाबरतात, आता पडणार म्हणतात. मी म्हणतो, नाही पडणार. पण मला तरी कुठे ठाऊक असतं? मीही घाबरलेलाच असतो. म्हणून घेतलं पुस्तक."

"आणि आठवा समजला?"

"एक अक्षर नाही."

तिला हसू फुटणार, तेवढ्यात दारात हेडक्लार्क उभे! त्यांनी सरळ टेबलावरचा भाग उचलला.

"हे काय, ताई?"

"साहेब, ते माझं…" तो पुढे झाला.

"आमचं आहे," ती म्हणाली. "आम्ही दोघं शिकतोय."

"तुम्ही? काय शिकताय?"

त्याला न दिलेल्या सातव्या भागात तिने लिफ्टच्या ब्रेकबद्दल वाचलं होतं. नीट सांगता आलं नाही तर दुकान गेलं. ती हेडक्लार्ककडे बघून बोलायला लागली, पण दुसऱ्याच वाक्याला तिची नजर लिफ्टमनकडे वळली.

"लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगने कायम आवळलेलाच असतो. वीज आली की चुंबक त्याला ओढून धरतं, म्हणून लिफ्ट हलते. वीज गेली की चुंबकाचा जोर जातो आणि ब्रेक पुन्हा आवळतो. आपोआप. कुणाला काही करावं लागत नाही. वीज गेली म्हणून लिफ्ट पडत नाही… ती आहे तिथेच थांबते."

तो तोंड उघडं टाकून ऐकत होता.

हेडक्लार्कनी पानं चाळली, चष्मा वर केला. "हे आमच्याकडे कुठल्याच वर्गाला नाही," ते जरा हिरमुसून म्हणाले. "असो. उत्तरपत्रिका सोमवारपर्यंत पाठवा." आणि गेले.

मावशी, आत काहीच काम नसताना, घाईने आत गेली.

"म्हणजे… नाही पडणार?" त्याने हळूच विचारलं.

"नाही पडणार."

त्याने मोठा श्वास सोडला. बराच वेळ तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. आज तिनेही नजर वळवली नाही.

"मघाशी 'आम्ही दोघं' म्हणालात…"

"घाईत म्हटलं."

"मग आता सावकाश म्हणा."

तिने सावकाश म्हटलं.