माळवदावरचा अँटेना

केवळाबाई माळवदावर चढली ती कुरडया राखायला. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेल्या त्या गावात वैशाखातल्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कावळे मात्र असतात. सकाळी घातलेल्या कुरडयांवर जुनं लुगडं पसरावं, चार खडे ठेवावेत आणि खाली येऊन भाकरी खावी, एवढंच तिचं काम होतं.

ती वाकून खडा ठेवत होती, तेव्हा पलीकडच्या माळवदावर काहीतरी करकरलं.

पलीकडचं घर दानम्माचं, तिच्या धाकट्या जावेचं. वाटणी झाली तेव्हा मधे भिंत आली आणि एका घराची दोन झाली. केवळाबाईला उत्तरेकडचं आलं, दानम्माला दक्षिणेकडचं. दानम्माचा नवरा नरसिंग मालट्रकवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. आणि केवळाबाईचा नवरा अण्णाराव गेल्या साली गेला. शेतातून आला, पाणी मागितलं, पाण्याचा तांब्या येईपर्यंत बाजेवर कलंडला. त्याचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं.

दानम्माच्या माळवदावर तो जुना अँटेना होता. लोखंडी पाइपावर ॲल्युमिनियमच्या काड्या, एखाद्या मोठ्या माशाच्या काट्यासारख्या. लातूरहून फुकटात चित्र यायचं त्या काळात अण्णारावनंच तो बसवलेला. आता घरोघरी डिशच्या छत्र्या झाल्या, ते जुनं प्रक्षेपणही बंद पडलं. अँटेना तेवढा राहिला, कावळ्यांना बसायला.

केवळाबाईनं मान वर केली. वारा नव्हता. लिंबाचं पानही हलत नव्हतं. आणि अँटेना हळूहळू फिरत होता. थोडा इकडे, थोडा तिकडे, पुन्हा थोडा इकडे. कुणीतरी खाली उभं राहून पाइप धरून फिरवावा, तसा.

मग खालून, दानम्माच्या घरातून, दबका आवाज आला.

"इन्नू स्वल्प... इन्नू स्वल्प... हां. बंतु."

अजून थोडं, अजून थोडं, आलं, असं ते कानडी बोलणं. केवळाबाईच्या हातातला खडा खाली पडला.

दानम्मा भालकीकडची, कानडी मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. तेव्हा अण्णाराव गावातल्या सगळ्यांचे अँटेने लावायचा. आपल्या घरी वर चढला की खाली ओरडून विचारायचा, "आलं का?" केवळाबाई खालून सांगायची, "आलं... गेलं... आता मुंग्या आल्या..." दोन मिनिटांत त्याचा जीव कावायचा. "राहू दे, उद्या बघू," म्हणून उतरायचा. तो उद्या कधी यायचा नाही. पण दानम्माच्या माळवदावर तो अर्धा अर्धा तास उन्हात उभा राहायचा, आणि तिला कळावं म्हणून कानडीत विचारायचा, "बंता?" ती खालून हसत सांगायची, "बंतु, भाऊजी, बंतु!"

त्यात वावगं काही नव्हतं. केवळाबाईलाही ते ठाऊक होतं. पण बाईच्या जिवाला वावगंच लागतं असं नाही. नवरा आपल्यासाठी कधी एक नवा शब्द शिकला नाही आणि त्या पोरीसाठी शिकला, एवढं पुरलं. तीस वर्षं तो शब्द तिच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखा रुतून बसला होता.

ती तशीच जिना उतरली आणि दानम्माच्या घरात शिरली. बाहेरच्या झळाळत्या उन्हातून आत गेल्यावर आधी काही दिसेना. वास आला. गंजलेल्या लोखंडाचा आणि चुन्यात मळलेल्या तंबाखूचा. अण्णाराव उन्हातून माळवदावरून उतरला की त्याच्या हातांना हाच वास यायचा.

कोपऱ्यात जुना डबा टीव्ही चालू होता. दानम्मा समोर बसली होती. जाऊबाई दिसल्याबरोबर ती उठली आणि तिनं टीव्ही बंद केला.

"काय करायलीस ग?" केवळाबाईनं विचारलं.

"काई न्हाई अक्का. बसा."

"वर कोण हाय?"

दानम्मानं छताकडं बघितलं. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. चोरी पकडली गेल्यावर होतो तसा होता.

"अक्का... तुम्ही रागावू नका. वर्षश्राद्ध झालं तसं सुरू झालं. भर दुपारचं पाइप वाजतंय. टीव्ही लावलं की चित्र येतंय. मी खाली बसून सांगते, बस्स. मला वाटलं, त्यांना बरं वाटत असंल..."

"कुणाला?"

"भाऊजींना."

दुसरी कुणी असती तर तिला दातखीळ बसली असती. केवळाबाईला भीती वाटलीच नाही. आधी तिच्या डोक्यात एकच गोष्ट उसळली. मेल्यावर माणूस आला, तोही दानम्माच्याच माळवदावर! वर्षभर ती रात्री उशी भिजवत होती, घास काढून ठेवत होती, स्वप्नात तरी ये म्हणून विनवत होती. आणि हा इथं पाइप फिरवत होता.

"अँटेना माझ्या नवऱ्याचा हाय," ती म्हणाली. "उद्या माझ्या घरावर गेला पायजे."

"न्या अक्का," दानम्मा म्हणाली. "पण एक ऐका..."

केवळाबाई ऐकायला थांबलीच नाही.

गावातला वायरमन भागवत दुसऱ्या दिवशी सकाळी आला. अँटेना काढताना तो हसत होता. "काकू, ह्याला काय करता आता? टॉवर बंद होऊन किती वर्षं झाली. मुंग्यासुद्धा यायच्या न्हाईत."

"तू बसव."

त्यानं बसवला. लातूर उत्तरेला, म्हणून सवयीनं तोंड उत्तरेकडं केलं. अडगळीतला टीव्ही पुसून जोडून दिला. पडद्यावर नुसता करडा खरखराट. "म्हणलं नव्हतं?" म्हणून भागवत चहा पिऊन गेला.

दुपार चढली. केवळाबाई दाराला कडी लावून टीव्हीपुढं पाट घेऊन बसली. घरात माशीचाही आवाज नव्हता. मग छतावर पाइप करकरला. एकदा. दोनदा. तिच्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी आलं. ती छताकडं बघून म्हणाली, "मी हाय खाली... सांगते मी..."

वरून कुणी काही विचारलं नाही. खरखर विरत गेली. पडद्यावर चित्र आलं, फिकट, पाण्याखालून दिसावं तसं. एक अंगण. दोरीवर लुगडं. कोनाड्याजवळ पितळी घागर. एक बाई अंगण झाडत होती.

ते दानम्माचं अंगण होतं. केवळाबाईच्या छताच्या कठड्याशी बसून भिंतीपलीकडं बघितलं तर दिसतं, अगदी तसं.

ती जिना चढून वर आली. माळवदावर कुणी नव्हतं. उत्तरेकडं तोंड करून बसवलेला अँटेना दक्षिणेला वळला होता, दानम्माच्या घराकडं.

रोज तेच झालं. ती सकाळी अँटेना उत्तरेला फिरवायची, दुपारी तो दक्षिणेला वळलेला असायचा. रोज दानम्मा पडद्यावर. शेंगा फोडताना, केस विंचरताना, उंबऱ्यावर बसून पेंगताना. केवळाबाईचं जेवण तुटलं. ती चित्राशी बोलायला लागली. "बघा, बघा, डोळे भरून बघा. तिच्यात काय हाय एवढं?" चित्र हलायचं नाही. बघणारा टक लावून बघत राहायचा.

चार-आठ दिवसांनी दानम्मा स्वतःच आली. जाऊबाईचे खोल गेलेले डोळे बघून ती दारातच थबकली.

"अक्का, तुम्हाला काय दिसतंय?"

"तुला काय दिसत होतं?"

"मला तर तुमचं अंगण दिसायचं," दानम्मा म्हणाली. "तुम्ही तुळशीला पाणी घालताना. कुरडया वाळवताना. एकट्या बसून रडताना. तेच त्या दिवशी सांगायचं होतं की. भाऊजी माझ्या माळवदावर यायचे ते तुम्हाला बघायला. तिथनंच तुमचं अंगण दिसतंय. म्हणून म्हणणार होते, अँटेना हलवू नका."

केवळाबाईनं मधल्या भिंतीकडं बघितलं. क्षणभर तिला वाटलं, हे खरं असावं. हे खरं असलं तर आपण आपल्या हातानं काय केलं? हा विचार इतका जड होता की तिनं तो ढकलूनच दिला.

"माझी कीव करायची गरज न्हाई," ती म्हणाली. "खोटं बोलतीस तू."

दानम्माचे डोळे भरले. ती माघारी वळली. त्याच आठवड्यात भावाच्या घरी कार्य होतं, म्हणून कुलूप लावून भालकीला निघून गेली.

आता बघा काय बघता ते, असं म्हणून केवळाबाई त्या दुपारी टीव्हीपुढं बसली. चित्र आलं. रिकामं अंगण, बंद दार, दाराला कुलूप. बराच वेळ चित्र तिथंच थांबलं. मग ते पहिल्यांदाच हललं. भिंतीवरून सावकाश खाली उतरलं, अंगण ओलांडून दारापाशी गेलं आणि कुलपासमोर उभं राहिलं. कुणीतरी दार उघडायची वाट बघत उभं राहावं, तसं.

केवळाबाईचा तोल गेला. ती धावत वर गेली. ऊन डोळ्यांत सुयांसारखं घुसत होतं. तिनं दोन्ही हातांनी पाइप धरला. तापून तो हाताला चटके देत होता. पण मधे एका जागी, वीतभर, तो विहिरीच्या पाण्यासारखा गार होता. तिथं कुणीतरी आधीच धरलं होतं.

तिनं सोडलं नाही. "माझ्याकडं," ती दात खाऊन म्हणाली. "आता माझ्याकडं..." ती ओढत होती आणि पलीकडून कुणीतरी थोपवत होतं. रागानं नव्हे. नको म्हणावं, तसं. शेवटी पाइप करकरला आणि तोंड तिच्या स्वतःच्या अंगणाकडं वळलं. अण्णाराव जिवंत असतानाही हट्टाला पेटलेल्या बायकोपुढं शेवटी असाच हात सोडून द्यायचा.

ती खाली आली. पाटावर बसली. पडद्यावर तिचं अंगण होतं. तुळस, उघडं दार, दाराच्या आत अंधार, आणि अंधारात टीव्हीपुढं पाठमोरी बसलेली एक बाई. डोक्यावर पदर. ती स्वतःच.

तिनं हुंदका दाबायला उजवा हात तोंडाशी नेला. चित्रातल्या बाईनंही नेला. तिच्या मनगटात हिरव्या बांगड्या होत्या.

केवळाबाईनं आपला हात बघितला. भुंडा. पुन्हा चित्राकडं बघितलं. हिरव्यागार बांगड्या. त्याला आपण अजून तशाच दिसतोय, सवाशीण... हे कळलं आणि वर्षभराचं, तीस वर्षांचं सगळं तिच्या छातीतून एकदम वाहून गेलं.

तेव्हा वरच्या झरोक्यातून, अगदी जवळून, हलका आवाज आला. दमलेला, ओळखीचा.

"आलं का?"

"आलं," ती रडत म्हणाली. "आलं हो... आता हलवू नका. असंच राहू द्या..."

वीज गेली. पडदा काळा झाला. तिनं डोळे पुसायला हात उचलला आणि अंधारात मनगटाला काहीतरी गार लागलं.

तिच्या मनगटात एक हिरवी बांगडी होती.

ती तशीच बसून राहिली. संध्याकाळी फोन वाजला. भालकीहून दानम्मा बोलत होती.

"अक्का, जेवलात का? तुम्ही रागात असाल म्हणून फोन लावला... अक्का, आज दुपारी काय झालं बघा. पानावर बसले होते. माझ्या हातातली एक बांगडी नाहीशी झाली. फुटली न्हाई, तुकडा न्हाई, काच न्हाई. सगळीकडं शोधलं. मला लई कसंतरी व्हायलंय. यांचा फोनपण लागंना..."

केवळाबाईनं दिव्याजवळ हात नेला. बांगडीवर बारीक सोनेरी ठिपके होते. दानम्माच्या चुड्यावर होते तसे.

"येईल फोन," ती कशीबशी म्हणाली. "रेंज नसंल."

नरसिंगचा फोन आला. तो सुखरूप होता, गाडी चालू होती. चार दिवसांनी घरी आला, अंगणात बसून शेंगा खाल्ल्या, वहिनीला हाक मारून गेला. दानम्माही परतली. केवळाबाईनं त्याआधीच भागवतकडून अँटेना उतरवून गोठ्यात टाकला होता. टीव्हीची वायरही काढली होती. छतावर पुन्हा काही वाजलं नाही.

बांगडी मात्र निघाली नाही. तेल लावलं, साबण लावला, हात सोलवटला. ती मनगटात इतकी घट्ट होती की चढली कशी असेल हेच समजू नये. एकदा तिनं वरवंटा उचलला. वरच्यावर धरून थांबली. विधवेच्या हातातली बांगडी फोडायला काय लागतं? पण ही फुटली तर ती कुणाच्या नावाची फुटेल?

वरवंटा तिनं हळूच खाली ठेवला.

तेव्हापासून ती उजव्या मनगटाला जाड फडकं बांधते. मुरगळलंय म्हणून सांगते. भांडी डाव्या हातानं घासते, भाकरी डाव्या हातानं थापते, झोपताना उजवा हात उशीत गुंडाळून पोटाशी धरते. दानम्मा रोज विचारते, "अक्का, दाखवा की, हळद लावून देते." मग केवळाबाई तिच्याकडं अशी बघते की दानम्मा पुढं बोलत नाही. आता नरसिंगची गाडी कुठवर आली, हे दानम्माच्या आधी केवळाबाईच विचारते.

परवा भल्या सकाळी नरसिंग साखरेची पोती भरून हैदराबादकडं निघाला. गाडीचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू आला. तो विरल्यावर केवळाबाईनं आत जाऊन दार लावलं आणि फडकं सोडून बघितलं.

बांगडीला केसाएवढा तडा गेला होता. तिनं श्वास रोखून धरला, हात जराही हलवला नाही. तरी तो तडा काचेतून सावकाश पुढं सरकत होता.