चिमूटभर जुनं वंगण

स्टीअरिंग चार बोटं रिकामं फिरायचं. म्हणजे हातात ते चार बोटं वळवा, पुढची टायरं ढिम्म. पाचव्या बोटाला ती जागी व्हायची आणि गाडी डावीकडं ओढायची. उमरग्याच्या आयटीआयत एकतीस वर्षं मी पोरांना लेथ शिकवला. सैल यंत्र मला बघवत नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा हलणाऱ्या टेबलाखाली मी कागदाची घडी घालून मगच जेवायला बसतो.

गाडी एकोणीसशे बावन्न सालची, दोन माणसांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. जळकोटच्या एका शेतकऱ्याकडं ती कित्येक वर्षं कडब्याखाली पडून होती. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, आमच्या ह्यांनी भंगार आणलं, असं माझी बायको जगदेवी पाहुण्यांना सांगते. मी दोन वर्षं खपून इंजिन चालू केलं, रंग दिला. राहिलं होतं स्टीअरिंग, आणि आता त्याची घाई होती. मुलगी भुवनेश्वरी बाळंतपणाला यायची होती. दोनदा तिचा गर्भ पडला होता. या खेपेला आठवा महिना लागला होता, आणि बाळाला दवाखान्यातून अप्पांच्या गाडीतूनच घरी आणायचं, असं तिनं फोनवर जाहीर केलं होतं. या वेळी ती म्हणेल ते करायचं, असं घरात ठरलेलंच होतं.

स्टीअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या टाय रॉडची नवी टोकं पुण्याहून मागवली. आतले बुश मी स्वतः लेथवर गनमेटलचे कातून काढले. फेब्रुवारीतल्या एका सकाळी परसातल्या पत्र्याखाली गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली आणि जैनोद्दीनभाईंना बोलावलं. हायवेवर त्यांचं गॅरेज आहे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, हात अजून स्थिर. त्यांचे वडील जळकोटला जाऊन हीच गाडी दुरुस्त करायचे. टाय रॉडची निमुळती पिन जागच्या जागी धरून बसते. दोन बाजूंनी दोन हातोडे एकदम मारले की सुटते. त्यासाठी दुसरा माणूस लागतो, आणि तो माणूस टायमिंगचा पक्का लागतो. तिसऱ्या ठोक्याला पिन सुटली.

मग मी रबरी बूट कापला. स्टीअरिंगच्या आडव्या दांड्याच्या दोन्ही टोकांना वंगण धरून ठेवायला रबराची चुणीदार पिशवी असते, तिला बूट म्हणतात. आत वाळून खडा झालेलं काळं ग्रीस असेल, अशी माझी समजूत. निघालं ते करडं-पांढरं, मऊ, आणि कोमट. रात्रभर गार लोखंडात राहिलेलं वंगण कोमट होतं. नासलेल्या दुधाचा आणि आठ-आठ दिवस न धुतलेल्या डोक्याचा असा मिळून एक वास आला. त्यात बारीक, मऊ, काळी लव होती. माझ्या मनगटावर एक थेंब पडला आणि कातडीला धरून बसला. फडक्यानं पुसला तरी निघेना.

जैनोद्दीनभाईंनी हातोडा खाली ठेवला.

"मास्तर, समदं काढू नका. चिमूटभर ठिवा, नव्या बुटात घाला."

हे आहे तरी काय, मी विचारलं.

"म्हाईत न्हाय. आमी त्यात कवा काय भरलं न्हाय. अब्बा हर खेपंला चिमूटभर परत ठिवायचे. त्याला बेघर करू नये म्हणायचे."

मी हसलो. विरजण आहे का, असंही म्हणालो. ते हसले नाहीत. साबणानं तीनदा हात धुतले आणि चहा न घेता गेले. चाळीस वर्षांच्या ओळखीत हा माणूस माझ्या घरून चहा न घेता कधी गेला नव्हता.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंड्याचा केक उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि हे तर सरळ सरळ चरबीसारखं दिसत होतं. चिमूटभर काय, रवाभर ठेवायची माझी तयारी नव्हती. दोन्ही बूट मी चमच्यानं खरवडले, रॉकेलनं धुतले, पुन्हा धुतले. चमचा फेकून दिला. नव्या बुटांत शुद्ध एरंडेल भरलं. आमच्या आज्यानं बैलगाडीच्या आसाला जन्मभर तेच घातलं होतं.

काढलेली घाण वाटीभर भरली. गटारीत टाकावी तर गल्लीतली गाय तोंड लावणार. जाळावी तर वास घरभर. आमच्यात माणूससुद्धा जाळत नाहीत, पुरतात. जे नको ते मातीला द्यायचं, हेच हाताला माहीत. मी परसातल्या कागदी लिंबाच्या झाडाच्या बुडाशी हातभर खड्डा खणला, वाटीसकट पुरलं, वरून माती दाबली.

स्टीअरिंग झकास झालं. दोरी लावून चाकं मापली, येणेगूरपर्यंत जाऊन आलो. रिकामं फिरणं नावाला नाही, ओढ नाही. मी खूश होतो. मनगटाला मात्र तो वास होता. शिकेकाई झाली, राख झाली, लिंबू घासून झालं. जेवताना भाकरीचा घास तोंडाशी नेला की तो यायचा आणि मी ताट सारायचो.

भुवनेश्वरी आली त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा खटकलं. गाडी मी नेहमी चाकं सरळ करून उभी करतो. सकाळी दोन्ही टायरं उजवीकडं, लिंबाच्या झाडाकडं वळलेली. उतार असेल म्हणून पाणसळ लावली. उतार नव्हता. चाकांना विटा लावल्या. सकाळी विटा बाजूला, आणि फरशीवर रबर घासल्याच्या काळ्या कमानी. असं नऊ दिवस झालं. मी जगदेवीला बोललो नाही. बोलून काय, ती गाडीच विका म्हणाली असती.

आणि झाड लागलं. सात वर्षांत जेमतेम परडीभर लिंबं देणारं झाड, तीन आठवड्यांत फांद्या वाकल्या. लिंबं मोठी, पिवळीधमक, हाताला जरा जास्तच मऊ. जगदेवीनं गूळ घालून शिजवलेलं लोणचं केलं, दोन बरण्या. मी त्या दिवशी मोतीबिंदू दाखवायला सोलापूरला गेलो होतो. लिंबं उतरवली हेही मला ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी दुपारी स्वयंपाकघरात गेलो. भुवनेश्वरी पाटावर बसून बरणीतून बोटांनी लोणचं खात होती. तिच्या आंबटचिंबट खाण्याकडं डोहाळे म्हणून आम्ही कौतुकानं बघत आलो होतो, तेव्हा मी हसतच जवळ गेलो. तिचा हात मनगटापर्यंत चकाकत होता. बरणीत वर करड्या-पांढऱ्या सायीचा थर होता. लोणच्यात जगदेवीनं तेलाचा थेंब घातलेला नव्हता. एक फोड मी चमच्यानं उलटी केली. सालीच्या आतल्या बाजूला लव होती.

मी बरणी उचलली, थेट उकिरड्यावर नेऊन फोडली. परत आलो तर भुवनेश्वरी बोटं चाटत होती, एक एक करून, डोळे मिटून.

दुसरी बरणी कुठाय, मी जगदेवीला विचारलं. ती तर कालच संपली, ती म्हणाली. पोटुश्या पोरीच्या तोंडचा घास हिसकावला म्हणून त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. मी पोरीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तिनं तिथल्या नर्सांनाही अप्पांच्या गाडीचं सांगितलं. तपासणी झाली. बाळ छान आहे, वजन चांगलं भरतंय, असं सांगून त्यांनी मलाच रक्तदाबाची गोळी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायरं झाडाकडं नव्हती. डावीकडं, भुवनेश्वरीच्या खोलीच्या खिडकीकडं वळलेली होती.

तेव्हा मी घाबरलो, हे सांगून टाकतो. जैनोद्दीनभाईंना फोन केला. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "चिमूटभर तरी परत ठिवा मास्तर. बघा घावतंय का."

मी कुदळ घेतली. झाडाच्या बुडाशी हातभर खणलं. वाटी सापडली. स्टीलची वाटी घासून ठेवल्यासारखी लख्ख होती, आत कोरडी माती. आणखी हातभर खणलं. मुळं, माती, मुंग्या. वास नाही. किळस गिळून मी माती नाकाला लावली. मातीचाच वास.

गाडीखाली शिरलो. बूट उघडले. दोन्हीत एरंडेल, मी भरलं होतं तसं, सोनेरी, स्वच्छ.

मनगट हुंगलं. तिथंही काही नाही.

ते कुठंच नव्हतं.

खिडकीत भुवनेश्वरी उभी होती. पोटावर हात ठेवून माझ्याकडं बघत होती. "अप्पा, काय शोधताय?" तिनं विचारलं. काही नाही, मी म्हणालो. झाड तोडायला सांगू का, असा विचार मनात आला आणि गेला. झाडात आता काय होतं?

त्यानंतर गाडीला मी हात लावला नाही. ताडपत्री टाकली. ताडपत्रीखाली टायरं कुठं वळलीत ते बघितलं नाही. जावई विरेश लातूरहून आला, घरात माणसं वाढली, मीही जेवायला लागलो.

एकोणीस दिवसांनी सकाळी कळा सुरू झाल्या. विरेशनं रिक्षा आणली. दुपारी अडीचला बाळ झालं. मुलगा, सव्वातीन किलो, रडणं खणखणीत. भुवनेश्वरी सुखरूप होती. जगदेवी बसल्या बाकावर रडली. माझेही डोळे भरून आले. दवाखान्याच्या बेसिनवर जाऊन मी कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा, रुमालानं कोरडे केले, आणि दाराशी येऊन उभा राहिलो.

नुकतीच ड्यूटीवर आलेली नर्स बाळाला दुपट्यात घेऊन बाहेर आली. चालता चालता कापसानं त्याची मान पुसत होती. जन्मताना बाळाच्या अंगाला पांढरं असतंच थोडं, ती विरेशला सांगत होती, पण पुसलं की जातं. तिनं कापूस टाकला, दुसरा घेतला. मानेची वळी पुसली. वळी पुन्हा भरली.

मग वास आला.

माझ्या नातवाची मला किळस आली. मी हात पाठीमागं नेले.

नर्सनं कापूस उजेडात धरला, बोटांनी चोळून पाहिला आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघितलं.

"काय ओ आजोबा, गाडीचं काम करून तसंच लेकराला घेतलं व्हय? समदं ग्रीस लावलंय की त्याला."

मी अजून बाळाला हात लावलेला नव्हता.