काका, पाय काढा

हे खरं घडलंय. खोटंच रचायचं असतं तर मी निदान रात्र तरी घेतली असती.

पण रविवारची दुपार होती. लख्ख ऊन. समोरच्या घरातल्या काकू गच्चीवर गाद्या बडवत होत्या. भुताला यायला याहून गैरसोयीची वेळ नसेल.

जागा म्हणजे आमच्या घराचं फाटक. फाटकाच्या आत गाडी. गाडीच्या मागे उकिडवे बसलेले मी आणि पाना.

पाना म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. गॅरेजमध्ये कामाला लागला, तेव्हापासून पाना. त्याआधीचं टोपणनाव इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी बाबांची. बाबा थंडीत गेले. गाडीचा काही संबंध नाही, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मला रडू आलं नाही. सगळे म्हणाले, येईल. कुरिअरची वाट बघावी तशी मी बघतोय.

तर, त्या गाडीचे मागचे ब्रेक किंचाळायचे. फाटकापाशी थांबताना हमखास...

कुईऽऽऽ.

बाबांनी ते कधीच दुरुस्त करू दिले नाहीत. "बेल वाजवायला नको," म्हणायचे. आणि खरंच नको असायची. आवाज आला की आई हातातलं काम टाकून फाटक उघडायला यायची.

आता गाडी मी चालवतो. रोज संध्याकाळी ऑफिसातून येतो. कुईऽऽऽ. आई लगबगीनं बाहेर येते. कडी काढते. मग काचेतून मला बघते.

"तू होय," म्हणते.

बस, एवढंच. तक्रार नाही, रडणं नाही. पण रोज माझ्यामुळे तिचा चेहरा असा पडताना बघायचा म्हणजे...

मी साधा हिशोब केला. आवाज आला नाही तर ती उठणार नाही. उठली नाही तर तो चेहरा होणार नाही. मी पान्याला बोलावलं.

जॅक लावला, गाडी स्टँडवर घेतली, मागची चाकं काढली. आता ड्रम काढायचा. ड्रम म्हणजे ते लोखंडी भांडं, ज्याच्या आत ब्रेकचे लायनर असतात.

ड्रम हलेना.

"हँडब्रेक ओढलायस का?" पाना म्हणाला.

मी जाऊन बघितलं. ओढलेला होता. खाली केला. परत आलो.

ड्रम हलेना.

"अरे, खाली कर म्हटलं ना!"

"केला की."

तेवढ्यात गाडीतून आवाज आला... कर्रर्र. हँडब्रेक वर ओढल्यासारखा.

बाबांची सवय होती. सपाट जमिनीवरसुद्धा ओढायचे.

"खटका झिजलाय," पाना म्हणाला. खटका झिजला तर हँडब्रेक खाली पडतो, वर जात नाही. हे त्यालाही माहीत होतं. मी गेलो, खाली केला, आणि कुणाला उद्देशून ते माहीत नाही, पण "राहू दे ना जरा," म्हणालो.

राहिला.

ड्रम निघाला. काळी धूळ उडाली. लायनर घासून घासून आरशासारखे चकचकीत झालेले. "हे बघ, हे गातात," पाना म्हणाला. मी पॉलिश पेपर घेऊन पुढे वाकलो.

आणि लायनर हलले.

दोन्ही हळूहळू बाहेर सरकले... थांबले... आणखी जरा सरकले. ब्रेकचं पॅडल कुणी हलक्या पायानं दाबावं तसे. टप्प्याटप्प्यानं. फाटक जवळ आल्यावर दाबतात तसं.

ड्रम नसताना पॅडल दाबलं तर आतला पिस्टन बाहेर पडतो, तेल सांडतं, सगळं काम वाढतं. पाना मान वर न करता ओरडला,

"काका, पाय काढा!"

लायनर परत आत गेले.

समोरच्या गच्चीवर गादी बडवायचा आवाज थांबला होता.

"तू काका का म्हणालास?" मी विचारलं.

"सवय," पाना म्हणाला. बाबा प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी स्टिअरिंगपाशी बसून मदत करायचे. म्हणजे नको तेव्हा पॅडल दाबायचे.

मी उठून आत डोकावलो. गाडीत कुणी नव्हतं. फक्त सीट पुढे सरकलेली होती. मी उंच आहे, मी ती पार मागे ठेवतो.

आम्ही काम पूर्ण केलं. दुसरं काय करणार? चाकं काढलेली होती. लायनर घासले, पाठीमागे चिमूटभर ग्रीस लावलं, ड्रम बसवले. पाना चहा न घेता गेला. तो चहा सोडत नाही.

सोमवारी संध्याकाळी फाटकापाशी ब्रेक दाबला. गाडी लोण्यासारखी थांबली. आवाज नाही.

आई बाहेर आली नाही.

जमलं, म्हटलं. उतरलो, कडीला हात घातला...

कडी काढलेली होती.

आत आई सोफ्यावर मटार सोलत बसली होती. गालांवर रंग आला होता. मी टीव्ही लावला.

"आई, फाटक उघडंच टाकलंयस?"

"शूऽऽ! हळू बोल."

"का?"

"आत्ता कुठे पडलेत. दमून आलेत रे."

तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. एरवी ते सताड उघडं असतं. कोण, असं मी विचारायला हवं होतं. मी बूट काढले.

"तुला... आवाज आला होता?"

"आवाज कसा येईल? तू बंद केलास ना?" ती शेंगा सोलता सोलता हसली. "म्हणत होते, पोरानं ब्रेक झकास केलेत."

ताईला फोन केला. ती म्हणाली, आईला डॉक्टरांकडे ने. नेणार आहे. पण आई आता वेळेवर जेवते, झोपते, गुणगुणते. डॉक्टरांना नेमकं सांगायचं काय, ते सुचत नाही. आणि लोटलेलं दार ढकलून बघायचं ठरवलं की मला दुसरं काहीतरी काम आठवतं.

त्या संध्याकाळी मात्र मी तिथेच उभा होतो. दाराआड पलंग करकरला... कुणी कूस बदलावी तसा.

आईनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मी टीव्हीचा आवाज कमी केला.