काळ्या काठाचं पाकीट

तिन्हीसांजेला तलावाकाठच्या जुन्या बंगल्यात दिवा लावून यायचं, एवढंच काम होतं. गंगाआजीचे गुडघे धरले होते, म्हणून गोंदियाहून सुटीवर आलेली तिची नात चेतना सोबत निघाली.

"आतून कोणी काही विचारलं तर भिऊ नको," आजी वाटेत म्हणाली. "आपलाच साहेब होय."

हा साहेब म्हणजे आर्थर डनव्हेल. आयर्लंडात तीनशे वर्षं जहागीर सांभाळलेल्या इंग्रज घराण्यातला धाकटा मुलगा. इथे नवेगावबांधचं जंगल मोजायला आला आणि हिवतापाने इथेच गेला. त्याचा खानसामा दुर्गाप्रसाद हा आजीचा आजेसासरा. साहेब रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसून घरच्या पत्राची वाट बघायचा, आणि मेल्यावरही त्याची ती खोड काही गेली नाही. म्हणून दुर्गाप्रसादच्या घरातलं कोणीतरी रोज दिवा लावी, त्याला 'नाही साहेब' म्हणे आणि परत येई. माणसाचा लळा लागतो, मग भुताचा लागू नये असं थोडंच आहे?

पत्र मात्र आलं होतं. ते दुर्गाप्रसादच्या पेटीत होतं, काळ्या काठाच्या पाकिटात. साहेब लोकांत काळा काठ म्हणजे मयत, एवढं त्याला ठाऊक होतं. आजारी माणसाला मयताची खबर द्यायची नाही, ही आपली रीत. त्याने पाकीट लपवलं आणि तीन दिवसांनी साहेब गेला. पुढे ते फोडायचं धाडस कोणाला झालं नाही. आज दुपारी आजीने ते चेतनाकडून वाचून घेतलं. थोरला भाऊ निपुत्रिक वारला, आता अकरावा लॉर्ड डनव्हेल तू, घरी ये, असं त्यात लिहिलं होतं.

"शंभर वर्सं खोटं बोललो आपण त्याच्याशी," आजी म्हणाली. "मी मरायच्या आधी त्याले मोकळं करू दे."

व्हरांड्यात तंबाखूचा आणि ओल्या चामड्याचा वास होता. दिवा लागला. आत वेताची खुर्ची करकरली.

"डाक आया?"

चेतनाने आजीचा हात घट्ट धरला.

"आया, साहेब..." आजी म्हणाली. "तुमचे भाऊ गेले. आता लॉर्ड तुमीच."

खुर्ची करकरत राहिली. मग अगदी कानाशी थकलेला आवाज आला, "मेरे बाद... कौन?"

आजीला त्याची दया आली. "आमीच ना, साहेब," ती मायेने म्हणाली. "तुमचं दुसरं कोन आहे?"

खुर्ची थांबली. बुटांचा आवाज पायऱ्या उतरून तलावाकडे गेला. आजी डोळे पुसत हसली आणि चेतनालाही हलकं वाटलं.

पहाटे आजीला ताप भरला. चेतनाने दार उघडलं, तर उंबऱ्यावर एक पाकीट पडलेलं. काळ्या काठाचं, कोरं करकरीत, शाई अजून ओली. वर इंग्रजीत नाव होतं: गंगाबाई, बाराव्या लेडी डनव्हेल.

तिने वळून घरात पाहिलं. आजी तापाने कण्हत होती. चेतनाने पाकीट न फोडताच पेटीत सारलं, जुन्या पाकिटाखाली.

तिन्हीसांजेला आजी अंथरुणात उठून बसली. नजर दाराकडे लागलेली.

"डाक आया?" तिने विचारलं.

"नाही, आजी," चेतना म्हणाली.