वर घेतलेली शिडी

कप्तान किनाऱ्यावरून परतला तेव्हा ताई यॉटच्या कडेला पालथी तरंगत होती. त्याने तिला वर ओढलं, हाका मारून पाहिल्या आणि मग वायरलेसवरून पोलिसांना बोलावलं.

इन्स्पेक्टरबाई आल्या तेव्हा यॉट त्याच जागी नांगर टाकून उभी होती. मागच्या डेकवर चादरीखाली ताई. शेजारी खुर्चीत तिची म्हातारी आई, एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालून. ताईचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको दारात उभे. किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायला निघालेलं कुटुंब एवढंच.

धाकट्याने सांगितलं, ताई रोज सकाळी यॉटभोवती पोहायची. पायात गोळा आला असेल. आपण केबिनमध्ये झोपलो होतो. भांडण? छे, कसलं भांडण. सून म्हणाली, ती स्वयंपाकघरात टोमॅटो वाटत होती. मिक्सरच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही. आई नुसती पाण्याकडे बघत राहिली.

बाईंनी कप्तानाला बाजूला घेतलं.

"ताई पोहण्यात कच्ची होती?"

"पोहणं शिकवायची ती. दमणं माहीत नव्हतं तिला."

"तुम्ही किनाऱ्यावर कशाला गेला होता?"

"जनरेटरचा पट्टा तुटला म्हणून. हा आणलाय, अजून बसवायचाच आहे. तोवर बॅटरीवर नुसते दिवे आणि वायरलेस."

"आणि ही पाण्यात उतरायची शिडी? परत आलात तेव्हा कुठे होती?"

"अशीच वर. खिटी लावलेली." तो जरा घुटमळला. "बिजागरी गंजलीय. वर घेताना माझाही दम निघतो."

निघताना ताईचा आवाज कानावर पडला होता, हेही त्याने सांगितलं. ती भावाला म्हणत होती, आजच मागे फिरायचं, आई यापुढे माझ्याकडे राहील. कारण काय ते त्याला ठाऊक नव्हतं.

बाईंनी पोलिसांच्या लाँचमधून यॉटला फेरी मारली. स्वयंपाकघराच्या गोल खिडकीखाली पांढऱ्या रंगावर नखांचे ओरखडे होते. काचेवर बाहेरून ओले तळवे वाळून मिठाचे ठसे उमटले होते. खिडकीला आतून कडी. वर येऊन त्यांनी ताईचे हात पाहिले. नखं तुटलेली, बोटांची पेरं ठेचलेली. त्यांनी चादर सावकाश परत ओढली.

आईला सावलीत न्यायला त्यांनी तिचा दंड धरला. म्हातारी कळवळली. बाईंनी बाही वर सारली. दंडावर बोटांच्या काळ्यानिळ्या खुणा होत्या. त्यावर त्यांनी आपला पंजा ठेवून पाहिला. बोटं पुरली नाहीत.

मग त्यांनी बाकीच्यांना आत बसवलं.

"ताई शिडीनेच उतरली होती. मागाहून कोणीतरी ती वर घेतली. ते वरूनच होतं, आणि त्याला पुरुषाचा जोर लागतो. कप्तान तर इथे नव्हता. ताई पोहत स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली, कारण आत माणूस दिसत होतं. तिने काच बडवली." बाई सुनेकडे वळल्या. "मिक्सर चालू नव्हता. जनरेटरच बंद होता. तुम्ही सगळं ऐकलंत."

सून ओढणीचं टोक पिळत होती.

"तरीही ती तगली असती. नांगराची साखळी धरून कप्तान येईपर्यंत लटकली असती. म्हणून तिची बोटं ठेचावी लागली. आईच्या दंडावरची बोटं ज्याची आहेत, त्यानेच हे केलं. ताईने ते दंड पाहिले होते."

धाकटा उठला नाही. त्याने नजरही चुकवली नाही. "आईचं हगणंमुतणं काढायचं मी," तो म्हणाला, "आणि पाहुणीसारखं येऊन बोट दाखवायचं हिने."

सून हळूच बोलली. "यांनी काठीने मारलं. आधी ती माझ्याकडे बघत होती. मला बघवेना, म्हणून मी खिडकी लावून घेतली."

शिपायाने दोघांना उठवून बाहेर आणलं. बाई आईसमोर टेकल्या. म्हातारी मागच्या डेकवरच बसली होती, सकाळपासूनच्या त्याच खुर्चीत, शिडीपासून हातभर अंतरावर.

"आजी, तुम्ही पाहिलंत ना?"

 म्हातारीने बाईंचा हात धरला.

"मुलगी गेलीच माझी. आता मुलगा नका नेऊ. शिडी मी वर घेतली असं लिहा. काठीही मीच मारली."

बाईंनी तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, तरी ओठांपर्यंत जाईतो निम्मं पाणी मांडीवर सांडलं.

धाकटा सवयीने ग्लास सावरायला पुढे झाला. आईने झटकन हात चेहऱ्यासमोर धरला.