पन्नास मिनिटांचं ऊन

समुद्र संशोधन संस्थेची बोट त्या सोमवारी बिघडली नसती, तर तिथली संशोधक इल्वा शिंपल्यांची शेती करणाऱ्या तोर्केलच्या बोटीवर चढलीच नसती. तिला फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाडीच्या, पाण्यात आपला सेन्सर सोडायचा होता. बोटाएवढी दांडी, टोकाला रंगाची चकती. चकती किती चमकते, त्यावरून पाण्याची आम्लता कळते; चमक कमी, तर पाणी आंबट.

"एवढ्याशा काडीला समुद्राचं काय कळणार?" तोर्केलनं विचारलं.

"तुझ्यापेक्षा जास्त. शिवाय ती बडबडत नाही."

तो हसला आणि आपल्या डब्यातला दालचिनीचा पाव त्यानं तिच्यापुढे केला. इल्वा तशी फार काटेकोर मुलगी. पण त्या दिवशी ती दोर ओढणारे त्याचे हात पाहत बसली आणि चकतीवर काळी टोपी घालायची विसरली. उन्हानं तो रंग विटतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं.

पुढचे तीन आठवडे सेन्सर सांगत राहिला, पाणी आंबट झालंय. तोर्केल रोज संस्थेच्या वेबसाइटवर आकडे बघायचा. आंबट पाण्यात शिंपल्यांच्या पिल्लांचं कवच नीट धरत नाही. शेवटी त्यानं बोटीला गिऱ्हाईक शोधलं. उत्तरेला बहिणीकडे जायचं ठरवलं.

ते ऐकून इल्वाला ती विसरलेली टोपी आठवली आणि शंका आली. तिनं बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत तपासलं. पाणी होतं तसंच होतं. आता सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर हा जाणार... ती तडक धक्क्यावर गेली.

"बोट विकू नकोस. पाणी चांगलं आहे. माझा सेन्सर विटलाय."

तोर्केलनं हातातला दोर खाली ठेवला. "कशानं?"

"उन्हात राहिला. तुझ्याच बोटीवर... पन्नास मिनिटं."

"आणि पन्नास मिनिटं तू काय करत होतीस?"

"तुला बघत होते."

इल्वाचे कान तापले. त्यानं गिऱ्हाइकाला फोन लावला.

"हां, तोर्केल बोलतोय. बोट विकायची नाही... नाही, पाणी उत्तम आहे. मोजणाऱ्या बाईचं लक्ष नव्हतं." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "नाही हो, तक्रार कसली करू? मीही त्या दिवशी तिलाच बघत होतो."