लढाई संपल्यावरची शीळ

हेडफोनची वायर तुटली, म्हणून त्या दुपारी मी गेम स्पीकरवर लावला. एवढंच झालं. वायर शाबूत असती तर लेकीच्या कानावर काही पडलं नसतं, आणि मी तुम्हाला हे सांगत बसले नसते. तो दिवा जरा तुमच्याकडे सरकवा. तुमचा चेहरा दिसलेला बरा. ऐकणाऱ्याला पटेनासं झालं की त्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदारपणा येतो. तो मला लगेच ओळखू येतो, जन्मभर तोच पाहत आले आहे.

मी गेम खेळते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

नवरा गेल्यावर लेकीने तिचा जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत आणून ठेवला. ‘वेळ जाईल तुझा,’ म्हणाली. मी त्या यंत्राच्या मानगुटीवरच बसले. शिकवायला कुणी आलं नाही. परकी अक्षरं जुळवत जुळवत तलवार चालवायला शिकले, घोडा पळवायला शिकले. मग गेमच्या पोटात हात घालायला शिकले. कुठली फाइल कशासाठी, कुठली काढली तर काय बिघडतं, बिघडलेलं पुन्हा कसं उभं करायचं, सगळं स्वतः धडपडून.

तुम्ही खेळत नसाल, तर एक गोष्ट समजून घ्या. अशा गेममध्ये लढाईचं संगीत वेगळं असतं. तुम्ही रानातून निवांत चाललेले असता, मागे काहीतरी मंद वाजत असतं. आणि एकदम ढोल सुरू होतात. समोर कुणी दिसत नाही. पण ढोल वाजले म्हणजे कुणीतरी तुम्हाला पाहिलं आहे आणि त्याला तुमचं वाईट करायचं आहे. तो मेला, किंवा तुमचा माग हरवून बसला, की ढोल थांबतात. हा नियम मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. या नियमातच मी संसार केला.

आमचे हे कापडाच्या दुकानात काउंटरवर असायचे. गोड माणूस. गिऱ्हाइकं नाव काढायची. घरी येताना जिन्यातून शीळ घालत यायचे. शेजारीण म्हणायची, “नशीब काढलंत. आमचे तर धापा टाकत येतात.” शीळ सरळ आली तर त्या दिवशी काही नाही. पण शेवटचा सूर ओढत, लांबवत आला, की मी समजायची, आज हात उठणार. तो दाराशी पोचायच्या आत लेकीच्या हातात वाटी द्यायची आणि तिला साखर आणायला शेजारी पिटाळायची. घरात साखरेचा डबा भरलेला असायचा. (तो जिवंत असताना मी ‘हे’ म्हणायची, आता ‘तो’ म्हणते. विधवेला एवढी मोकळीक असावी.)

लेकीने कधी काही पाहिलं नाही, इतकं चोख काम केलं मी. आणि बक्षीस काय मिळालं? मोठी झाल्यावर म्हणाली, “बाबा आले की तू मला घराबाहेर काढायचीस. त्यांनी माझे लाड केलेले तुला बघवायचे नाहीत.” मी एकदा, फक्त एकदा, खरं काय ते सांगून पाहिलं. तेव्हा तो समजूतदारपणा तिच्या चेहऱ्यावर आला. “आई, माणूस गेल्यावर असं बोलू नये.” सगळ्या जगाने नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं मला. तिने एकदा हो म्हणायला हवं होतं.

तिच्या लहानपणची एक टेप होती. ती कविता म्हणत होती, मग खालूनच सूर ओळखून मी तिला शेजारी पाठवलं आणि टेप तशीच चालू राहिली. त्यात त्याची शीळ आली आहे. पायऱ्यांवरची पावलं, ओढलेला शेवटचा सूर, दाराशी थांबणं, कडी. तिथे टेप संपते. लेकीने ती शीळ वेगळी काढून मला पाठवली. “ऐक, शेवटचा सूर कसा घोळवलाय! किती गोड ना?”

मी ती फाइल घेतली आणि ढोलांच्या जागी बसवली.

आता लांडग्याने मला पाहिलं की शीळ वाजायची. दरोडेखोराने पाहिलं की शीळ. मी वळायची, तलवार काढायची आणि समोरच्याला आडवं करायची. शीळ बंद. माझ्या हाताने बंद! त्या दिवसांत मला जशी झोप लागली तशी लग्नानंतर कधी लागली नव्हती.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही बरं. नाव जुन्या फाइलचंच द्यावं लागतं, आवाजाची पातळी बेतावी लागते. आणि संगीत गोल फिरत राहायचं असतं, म्हणून शेवट सुरुवातीला बेमालूम जुळावा लागतो. यात मला घुबडाची मदत झाली. घुबड हे इंटरनेटवर ओळख झालेल्या एका खेळाडूचं खेळातलं नाव. टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप आहे म्हणे, कधी भेटलेला नाही, बोलून संदेश पाठवतो. तो म्हणाला, “आजी, शेवटी पावलं थांबतात आणि काहीतरी खट्ट वाजतं. तिथे जोड कळतोय. ठेवायचं आहे का ते?”

“काप,” मी म्हणाले. मग वाटलं, हे काम दुसऱ्याला कशाला? मीच कापलं. ओढलेला सूर, थांबणारी पावलं, कडी, सगळं. राहिली ती जिन्यातच घिरट्या घालणारी शीळ. मी त्याला दारापर्यंत पोचू दिलं नाही.

तर ती दुपार. आभाळ भरून आलेलं, खोलीत दिवा लावावा लागला होता. मी बर्फाळ खिंडीत लांडग्याशी भिडले होते. लेक स्वयंपाकघरातून हात पुसत आली. चेहरा उजळलेला.

“बाबा…?”

आणि तिच्या डोळ्यांदेखत लांडगा मेला.

“तू बाबांची शीळ इथे लावलीस? लांडग्याला?”

“त्यालाच शोभते.”

“लाज नाही वाटत तुला?”

“वाटायची. त्याच्याबरोबरच गेली.”

ती आणखी बोलणार होती, पण तिची नजर पडद्याकडे गेली. माझीही. लांडगा मरून पडला होता आणि शीळ चालूच होती.

हा बिघाड जुना आहे. लढाई संपते, संगीत संपत नाही. बहुतेक वेळा एखादा शत्रू कुठल्या खडकात अडकलेला असतो. तुम्हाला तो दिसत नाही, पण तो तुमच्याकडे बघत असतो. उपाय ठरलेले आहेत. मुक्कामाच्या सराईत शिरायचं, झोपायचं, खेळ साठवून पुन्हा उघडायचा. मी सगळे केले. शीळ थांबेना. घुबडाने मला एक सोय करून दिली होती, पडद्याच्या कोपऱ्यात ओळी उमटायच्या, त्याही मराठीत. कोण टपलंय, कोणावर, किती लांब. ‘कोणावर’पुढे माझं खेळातलं नाव होतं. ‘कोण’पुढे काहीच नव्हतं.

“सरक,” लेक म्हणाली. “तूच काहीतरी मोडलं असशील.” तिने फोल्डर उघडला, कापलेली आणि अख्खी, दोन्ही फाइली ऐकल्या, आणि माझ्याकडे वळली. “शेवट कापलास तू? सगळ्यात गोड भाग?”

“जोड कळत होता.”

“म्हणून थांबत नाहीये. तिला शेवटच नाही तर थांबेल कुठे?”

तिचं म्हणणं चूक होतं. संगीत फाइलच्या शेवटामुळे थांबत नाही, कुणी आपल्यावरून नजर काढली की थांबतं. पण मी ते सांगणार तोच तिने अख्खी फाइल तिथे बसवायला घेतली आणि मी तिचं मनगट धरलं.

“नको.”

“का नको?”

“तो वर येईल.”

तो समजूतदारपणा पुन्हा आला. तिने माझी बोटं हळूच सोडवली, जशी आजाऱ्याची सोडवतात, आणि फाइल बसवली.

बिघाड गेला की नाही हे पाहायचं तर कोरा खेळ सुरू करायचा असतो. तिने तसाच केला. खेळाने नाव विचारलं. तिने लिहिलं, पिटुकली. तिला त्या नावाने एकटा तोच हाक मारायचा.

नव्या खेळाची सुरुवात एका कुरणात होते. गवत, वारा, लांबवर एक पवनचक्की. तिथे शत्रू नसतातच, नवख्या माणसाला चालायला शिकता यावं म्हणून ती जागा मोकळी ठेवलेली असते. सगळं शांत.

“बघ,” लेक म्हणाली. “झालं ना नीट?”

शीळ सुरू झाली.

कोपऱ्यात ओळी उमटल्या. कोण, पुढे रिकामं. कोणावर, पिटुकली. आणि तिसऱ्या ओळीतला आकडा कमी होत होता. भरभर नाही. दमाने, एकेक पायरी चढावी तसा.

मी घुबडाला संदेश टाकला. त्याचं लगेच उत्तर आलं. “आजी, ते शक्य नाही. कुणी नसेल तर ओळच उमटत नाही. ओळ आहे म्हणजे कुणीतरी आहे… तुम्ही नेमकं काय लावलंय हो?”

मी उठले आणि स्पीकरची वायर उपटली.

आवाज बंद झाला नाही. फक्त खोलीतून निघून जिन्यात गेला.

आधी वास आला. कोऱ्या कापडाची खळ आणि लवंग. तो त्याच्या अंगावरून कधी धुतला जायचा नाही, उशीलाही यायचा. मग पावलं. एका पायाने जरा जड. शीळ वर येत होती, कठड्यावरून बोटं ओढल्याचा आवाजही होता, जो टेपवर कधीच नव्हता. आणि मग शेवटचा सूर… ओढलेला… लांबवलेला… सावकाश, मजा घेत.

लेकीचा चेहरा पांढरा पडला. “आई… हा सूर…”

“आता गोड वाटत नाही ना?”

“हा… असाच यायचा?”

“तुला साखरेला पाठवायची त्या दिवशी असाच.”

तिने माझ्याकडे पाहिलं. समजूतदारपणा पार पुसून गेला होता. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकत होते ते मला त्या क्षणी मिळालं, आणि ते मिळताना मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, नको, राहू दे, मला खोटीच ठरव.

पावलं दाराशी थांबली. पडद्यावर शून्य.

मी लहानपणी कुणाला भ्याले नव्हते, लग्नाने भ्यायची सवय लावली. पण आता मी म्हातारी होते आणि माझ्याकडून त्याला घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोपऱ्यातली लोखंडी सळई घेतली, कडी काढली आणि दार सताड उघडलं. “ये!” मी ओरडले. “ये बघू पुढे!”

बाहेर कुणी नव्हतं. कठड्यापर्यंत गेले, खाली वाकून पाहिलं. रिकामा जिना, खालच्या मजल्यावर कुणाची तरी सायकल. वास मात्र तिथे नव्हता. बाहेर वास नव्हता…

मी वळले. माझ्या मागे दार लागलं. आतून कडी बसली.

मी सळईने दार ठोकलं, हाका मारल्या. मग कान लावला. आत लेक बोलत होती. हळू, अदबीने, एकेका शब्दानंतर थांबत.

“हो… नाही… पुन्हा नाही होणार… माझंच चुकलं…”

ते शब्द माझे होते. तोच चढउतार, शेवटच्या शब्दावर श्वास आत घेण्याची तीच लकब. ते तिच्या कानावर कधी पडू नयेत म्हणून मी काय काय केलं होतं, ते मलाच ठाऊक. तिला ते कुणी शिकवले?

किती वेळ गेला सांगता येत नाही. दार उघडलं. लेकीचे केस नीट बसवलेले होते, पदराचं टोक हातात गच्च धरलेलं.

“वाऱ्याने लागलं दार,” ती म्हणाली.

“वारा कडी लावतो का?”

“काही नाही झालं, आई. चहा ठेवते.”

मी तो फोल्डरच रिकामा केला. आता माझ्या गेममध्ये लढाईला संगीत नाही. लांडगा न सांगता येतो, अंगावर पडतो तेव्हाच कळतं. घुबड म्हणाला जुने ढोल परत बसवून देतो, मी नको म्हटलं. जिन्यातही पुन्हा शीळ आलेली नाही. सगळं कसं छान थांबलं आहे.

लेकीने नंतर एकदाच तो विषय काढला, कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता. “तू खरं सांगत होतीस.” एवढंच. मी पुढचा कपडा झटकून तिच्या हातात दिला.

यंदा उन्हाळा कडक आहे. पंखा दिवसभर पुऱ्या वेगाने फिरतो तरी अंगाची लाही होते, शेजारपाजारच्या बायका गाऊनवर वावरतात. माझी लेक तेव्हापासून मनगटापर्यंत बाह्यांचे कपडे घालते. स्वयंपाकघरात, भट्टीसारख्या उकाड्यातसुद्धा. भांडी घासतानाही बाह्या वर सारत नाही, ओल्या होऊ देते.

मी विचारलं, तर म्हणाली, “थंडी वाजते.”